रेकॉर्डर शिकताना: पहिल्या साठ दिवसांच्या नोंदी

भाच्याला शाळेत रेकॉर्डर (उभी धरून वाजवायची पाश्चात्त्य बासरी) आहे आणि त्याला घरी सोबत वाजवायला कोणी नाही, म्हणून मी शिकायला घेतला. याआधी कोणतंच वाद्य हातात धरलेलं नव्हतं. रोज वीस ते पंचवीस मिनिटं, घरीच, शिक्षक नाही. कोणी असंच शून्यातून सुरू करत असेल तर माझे वाया गेलेले दिवस तरी त्याचे वाचावेत, म्हणून या नोंदी.

दिवस १

प्लॅस्टिकचा सोप्रानो (उंच आवाजाचा) रेकॉर्डर. तीन तुकडे: तोंडाचा, मधला, पायाचा. सोबत सांध्यांना लावायच्या ग्रीसची डबी आणि पुसायची काडी. सांधे सरळ दाबून बसवायचे नाहीत, फिरवत बसवायचे. मी पहिल्यांदा जोर लावून दाबले आणि काढताना दमछाक झाली. बोटाने ग्रीसचा अगदी पातळ थर फिरवल्यावर सुरळीत झालं.

छिद्रांना नंबर देऊन ठेवते, पुढे तेच वापरेन. मागचं अंगठ्याचं ०. पुढची वरून खाली १ ते ७. डावा हात वर: अंगठा आणि १, २, ३. उजवा हात खाली: ४, ५, ६, ७. उजवा अंगठा फक्त आधाराला. डाव्या करंगळीला काही काम नाही, हे लक्षात ठेवावं लागतं, कारण ती उगाच कुठेतरी चिकटायला बघते.

तोंडात धरून फुंकलं की आवाज येतो. आडव्या बासरीत पहिला सूर निघायला काही आठवडेसुद्धा लागतात असं दादा सांगतो (तो बासरी वाजवतो). इथे पहिल्या सेकंदाला आवाज. कारण फुंकर कुठे आणि कशी आदळायची हे वाद्यानेच ठरवून ठेवलंय. चोचीच्या (तोंडात धरायच्या टोकाच्या) आत एक ठोकळा, त्याच्यावर अरुंद फट, फटीतून हवा थेट समोरच्या धारेवर जाते. आपल्या ओठांना काही ठरवायचं उरतच नाही. तासाभरात बी (० १), ए (० १ २), जी (० १ २ ३) वाजले (ही पाश्चात्त्य सुरांची नावं, कंसात झाकायची छिद्रं). फार आनंद झाला.

दिवस ३

भाचा येऊन ऐकून गेला. म्हणाला, "मावशी, तू खूप जोरात फुंकतेस. आमच्या बाई म्हणतात, गरम फुंकर मारायची."

फोनवर ट्यूनर (सूर नेमका लागला का ते सुईने दाखवणारं ॲप) लावला. ए वाजवला की सुई ३० सेंट वर (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). आणखी जोर लावला तर आणखी वर, आणि मग सूर तुटून किंचाळी. हळू फुंकलं तर खाली घसरते. म्हणजे इथे हवेचा जोर वाढला की आवाज मोठा होण्याआधी सूरच चढतो. पहिल्या तीन दिवसांत मी जे "छान, खणखणीत" समजत होते ते सगळं बेसूर होतं.

चष्म्याची काच पुसायच्या आधी आपण तिच्यावर वाफ धरतो, तशी फुंकर. गरम चहावर मारतो तशी नाही. हाताचा तळवा तोंडासमोर धरून दोन्ही करून पाहिलं, फरक लगेच कळला.

दिवस ६

दादाला फोन केला. तो म्हणाला, "बोटांचा तक्ता बाजूला ठेव. एकच सूर धर आणि दहा मिनिटं तोच भर. आम्ही खर्ज भरतो ना, तसं." तेव्हापासून रोज पहिली आठ-दहा मिनिटं एकच सूर. ट्यूनरची सुई मध्यावर उभी करायची आणि श्वास संपेपर्यंत तिथेच ठेवायची. पहिल्या दिवशी चार सेकंद जमलं. श्वास संपत आला की सुई पडते, कारण शेवटी दम सुटतो. पोट हळूहळू आत घेतलं की थोडी जास्त टिकते. सगळ्या साठ दिवसांत सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच, आणि ती सांगणाऱ्याने रेकॉर्डरला कधी हातही लावलेला नव्हता.

दिवस ८

जीभ. आतापर्यंत प्रत्येक सूर "हू" असा छातीतून ढकलत होते. एकाच सुराचे चार ठोके वाजवायचे तर पोट चार वेळा उडायचं. तसं नाही. हवा सलग चालू ठेवायची आणि जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे लावून सोडायचं: "तू तू तू तू". मऊ हवं असेल तर "दू". हवा म्हणजे नळाची धार आणि जीभ म्हणजे तिच्यातून फिरणारं बोट, असं डोळ्यांपुढे आणलं तेव्हा जमलं.

एक चूक सापडली: मी चोच दातांनी धरत होते. प्लॅस्टिकवर बारीक खुणा उमटल्यात. चोच फक्त ओठांवर टेकवायची, टोक जेमतेम आत. दात लागले की जबडा आवळतो, आणि जीभही आखडते.

दिवस १२

पहिली चाल. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीच्या शेवटच्या भागातली ती सगळ्यांना माहीत असलेली चाल बीपासून सुरू केली की जी, ए, बी, सी, डी एवढ्या पाच सुरांत बसते. सी म्हणजे ० २, आणि डी म्हणजे नुसतं २, अंगठाही सोडायचा.

बसते असं वाटलं, पण तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक सूर खाली आहे: जी, ए आणि मग थेट खालचा डी. तिथे अंगठ्यासोबत पुढची सहा छिद्रं झाकायची (० १ २ ३ ४ ५ ६). आणि तिथे दर वेळी किंचाळी. चार दिवस मी ती उडी पुन्हा पुन्हा मारत राहिले. जमली नाही.

दिवस १६

उडी मारणं बंद केलं. जीपासून एकेक बोट खाली ठेवत गेले: ० १ २ ३ वाजव, थांब, ४ ठेव, वाजव, ५ ठेव, वाजव. ज्या बोटाला आवाज फाटतो तिथे थांबायचं आणि हात न हलवता आरशात बघायचं.

आरशात दिसलं. सहावं बोट ठेवताना डाव्या हाताची अनामिका तिसऱ्या छिद्रावरून केसभर उचलली जात होती. दोष उजव्या हातात शोधत होते, गळती डाव्या हातात होती. आणखी एक कारण: मी बोटांच्या टोकांनी छिद्रं दाबत होते. टोक नाही, पेराचा मऊ भाग ठेवायचा, बोट जरा सपाट. वाजवून झाल्यावर बोटांवर छिद्राचा पूर्ण गोल वण दिसला तर बरोबर, अर्धा चंद्र दिसला तर गळती.

मात्र वण खोल हवा असं मी समजून घेतलं आणि दाबून धरायला लागले. दोन दिवसांत उजवा अंगठा ठणकायला लागला, मनगट आखडलं. दोन दिवस सुट्टी. छिद्र बंद व्हायला जोर लागतच नाही, बोट नीट जागेवर असलं की त्याचं वजन पुरतं.

दिवस १९

सर्वांत खालचा सी, सातही छिद्रं. करंगळी पोहोचेना, पोहोचली की अनामिकेला ओढून घ्यायची. पायाचा तुकडा वेगळा का असतो ते आज कळलं: तो फिरवता येतो. सातवं छिद्र सरळ रेषेत न ठेवता थोडं बाहेरच्या बाजूला, करंगळी आपोआप जिथे पडते तिथे आणायचं. माझ्या हाताला साधारण चार मिलिमीटर पुरले. जिथे नीट बसलं तिथे पायावर आणि मधल्या तुकड्यावर पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवली, रोज शोधायला नको.

या सीला फुंकर अगदीच कमी लागते. जीभसुद्धा "दू". "तू" म्हटलं की तो उडून वरचा सी वाजतो.

दिवस २० ते २८

हे नऊ दिवस वाया गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

भाच्याच्या पुस्तकातला बोटांचा तक्ता मी वापरत होते. त्यात खालचा एफ असा: ० १ २ ३ ४ ६ ७. मधलं पाचवं उघडं. माझा एफ पडलेला, घुमा, ट्यूनरवर खूपच खाली. भाचा म्हणाला, "मावशी, तुझा एफ चुकतोय." त्याचा बरोबर लागत होता. मी मानलं की चूक फुंकरीची. जोर वाढवला तर एफ थोडा वर आला, पण तोच जोर शेजारच्या ई आणि जीला लागून ते बिघडले. मग बोटं तपासली. आरसा, वण, एकेक बोट, सगळं. सगळं ठीक. तरी एफ खालीच.

नवव्या दिवशी आमचे दोन्ही रेकॉर्डर शेजारी ठेवले. माझ्या वाद्यावर वरून चौथं छिद्र मोठं आणि पाचवं बारीक. त्याच्यावर तसं नाही. माझा जर्मन बोटठेवणीचा होता, त्याचा बरोकचा (सुरांसाठी बोटं ठेवायच्या या दोन वेगळ्या पद्धती). जर्मन पद्धतीत एफ म्हणजे सरळ ० १ २ ३ ४, त्यासाठीच पाचवं छिद्र बारीक केलेलं असतं. त्यावर बरोकची बोटं ठेवली की एफ पडणारच. वाद्य बिघडलेलं नव्हतं, माझी फुंकरही चुकत नव्हती. तक्ता दुसऱ्या वाद्याचा होता.

खोक्यावर लिहिलेलं होतं. घेताना वाचलंच नाही.

दिवस २९

जर्मन ठेवायचा की बदलायचा, यावर एक संध्याकाळ गेली. जर्मन बोटठेवण विसाव्या शतकात जर्मनीत निघाली, सुरुवात करणाऱ्याला सोपी जावी म्हणून. सी पासून चढत जाताना एकेक बोट उचललं की झालं. पण एफ सोपा केल्याची किंमत एफ शार्पला (एफपेक्षा अर्धा सूर चढा) मोजावी लागते, त्याची बोटं अवघडतात आणि तरी सूर खात्रीचा लागत नाही. एक शार्प असलेली चाल तर लगेच येते. शिवाय रेकॉर्डरचे तक्ते आणि पुस्तकं बहुतेक बरोकची.

बदलायचं ठरवलं. खर्च दुप्पट झाला आणि तो टाळता आला असता. घ्यायला जाल तेव्हा आधी चौथं आणि पाचवं छिद्र बघा: पाचवं चौथ्यापेक्षा बारीक असेल तर जर्मन.

दिवस ३१

नवा बरोक. एफ पहिल्या फुंकरीला लागला. त्या एका सुरावर दहा मिनिटं बसून राहिले.

पण नवी अडचण. ई (० १ २ ३ ४ ५) वरून एफला जाताना पाचवं बोट उचलायचं आणि त्याच क्षणी ६, ७ ठेवायचे. एक वर, दोन खाली. मध्ये क्षणभर दुसराच सूर चिरकतो. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ५० वर, एका ठोक्याला एक सूर, ई-एफ-ई-एफ, रोज तीन मिनिटं. वेग वाढवण्याचा मोह आवरायचा. सहा दिवस लागले.

दादा आला होता, त्याने हातात घेऊन बासरीसारखं छिद्र अर्धं उघडून कोमल स्वर काढायचा प्रयत्न केला. सूर डळमळला, कारण इथली छिद्रं बारीक आहेत. इथे कोमल-तीव्र मध्ये एक छिद्र सोडून ठेवलेल्या बोटांनीच काढतात: वरचं उघडं, खालची झाकलेली. बी फ्लॅट (बीपेक्षा अर्धा सूर खाली) म्हणजे ० १ ३ ४, दुसरं उघडं. फक्त सर्वांत खाली, सहा आणि सातवर, जोडछिद्रं असतात. त्यातलं एक झाकून एक उघडं ठेवलं की डी शार्प आणि सी शार्प मिळतात.

दिवस ३५

आवाज अचानक घोगरा झाला, मग बंदच. आधी वाटलं बोटं. मग कळलं, फटीत पाणी साठलंय. लाळ नव्हे, श्वासातली वाफ थंड प्लॅस्टिकवर जमते.

त्यावर मी जे केलं ते करू नका. जुन्या रेकॉर्डरच्या खिडकीतून (फट आणि धार यांच्या मधल्या उघड्या जागेतून) काडी घालून फट पुसायला गेले. समोरची धार दुखावली आणि आता त्याचा आवाज कायमचा खरखरीत झालाय. त्या धारेवरच सगळा सूर तयार होतो, तिला बोटही लावायचं नाही.

जे उपयोगी पडलं ते असं. सुरू करण्यापूर्वी तोंडाचा तुकडा पाच मिनिटं काखेत किंवा मुठीत धरून गरम करायचा. वाजवताना पाणी आलंच तर हवा तोंडाने जोरात आत ओढून घ्यायची, पाणी लगेच सुटतं. किंवा खिडकीवर बोट हलकेच ठेवून, धारेला न लागता, एक जोरदार फुंकर. आणि पंधरा दिवसांतून एकदा: वाटीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, ते पाणी फटीतून ओतायचं आणि न धुता तसंच वाळू द्यायचं. साबणामुळे पाण्याचे थेंब फटीत अडकून न बसता पसरून वाहून जातात. हे प्लॅस्टिकच्या वाद्यासाठी. लाकडाच्या वाद्याला साबण लावायचा नाही, त्याची निगा वेगळी, आणि नव्या लाकडी वाद्याला सुरुवातीला रोज थोडा थोडा वेळच वाजवून सवय लावावी लागते.

दिवस ३८ ते ४६

वरचं सप्तक. इथे सगळा खेळ डाव्या अंगठ्याचा. मागचं छिद्र पूर्ण उघडायचं नाही, पूर्ण झाकायचं नाही, वरच्या कडेला नखाएवढी बारीक फट ठेवायची. वरचा ई म्हणजे खालच्या ईचीच बोटं आणि अंगठ्याची फट. जी आणि ए पण तसेच. एफ मात्र बदलतो: फट, १ २ ३ ४ ६, सात नाही.

पहिले तीन दिवस मी अंगठा बाजूला सरकवत होते. फट रोज वेगळी पडायची, कधी ई वाजे, कधी हवेचा फुस्कारा. सरकवायचा नाही, पेरात वाकवायचा. अंगठा जागेवरच राहतो, पेर दुमडलं की नखाची कड छिद्रात उतरते आणि वर बारीक फट उरते. अंगठ्याचं नख वाढलेलं होतं, तेही अडत होतं. कापल्यावर, पण मुळापासून नव्हे, जमायला लागलं.

दुसरी चूक फुंकरीची. वर जायचं म्हणून मी पुन्हा जोरात फुंकायला लागले, म्हणजे पहिल्या आठवड्याची सवय परत. हवा जास्त नको, तिचा वेग थोडा वाढवायचा. तोंडातली जागा "ऊ" ऐवजी "ई" म्हणताना होते तशी केली की आपोआप होतं. नवव्या दिवशी वरचा ए पाच सेकंद टिकला.

सर्वांत अवघड जागा मात्र वर नाहीच, मध्यात आहे: सी (० २), डी (२), ई (फट १ २ ३ ४ ५). डीवर हातात फक्त एक बोट आणि पुढच्या सुराला जवळजवळ सगळी एकदम. वाद्य हातातून निसटेल असं वाटतं. उजवा अंगठा आणि खालचा ओठ या दोघांनी त्याला तोलून धरायचं असतं, आणि उजव्या हाताची बोटं छिद्रांवर अगदी जवळ तरंगत ठेवायची. माझी बोटं दोन इंच वर उडत होती. परत यायला उशीर होणारच.

दिवस ५२

वेळेचा हिशेब मांडला. साधारण १८ तास वाजवणं झालंय. त्यातले जवळपास ४ चुकीच्या तक्त्यावर गेले, दीड तास जोर लावून डी काढण्यात. उरलेल्यातला निम्मा वेळ एकच सूर भरण्यात, आणि तो एक मिनिटही वाया गेला असं वाटत नाही.

दिवस ५८

भाच्यासोबत पहिल्यांदा. दोघांचा ए जुळेना, माझा वर. दोघांनी वाद्यं गरम केली, तरी थोडा वर. माझा तोंडाचा तुकडा दोन मिलिमीटर बाहेर ओढला. नळी लांब झाली, सूर उतरला. ओढायची ती एवढीच, जास्त ओढलं की सगळे सूर सारखे उतरत नाहीत आणि आपापसातलं नातंच बिघडतं.

एकच चाल दोघांनी वाजवली की जिथे सूर जुळत नाही तिथे कानात थरथर होते. दोन सूर जितके जवळ येतील तितकी ती मंदावते आणि नेमके जुळले की थांबते. ट्यूनरपेक्षा हे बरं, सुईकडे न बघता ऐकत राहावं लागतं.

दिवस ६०

आज त्याने वरचा ई धरला आणि मी सी. दोन्ही सूर स्वच्छ लागले, आणि खाली एक तिसराच सूर घुमायला लागला, जाड, भुंग्यासारखा. त्याने वाजवणं थांबवून विचारलं, "मावशी, हा कोण वाजवतोय?" कोणीच नाही. दोन उंच सूर नीट जुळले की त्यांच्यातल्या फरकाचा एक सूर कानाला ऐकू येतो. मी फुंकर किंचित हलवली की तो सरकायचा, स्थिर केली की परत यायचा. आम्ही पाऊण तास तेवढंच केलं. उद्या डी आणि एफवर शोधणार आहोत.

बाकी राहिलेलं: बी फ्लॅट वेगात येत नाही, आणि "तू-कू" अशी दुहेरी जीभ अजून सुरूच केलेली नाही.